ताई, आधी तो फोटो काढा

दादा, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा लहान, पण सगळे दादाच म्हणतात, म्हणून मीही. नाव लिहीत नाही, लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही. सांगोल्याकडं तुमच्यासारखी कागदपत्रं काढून देणारी सेवा केंद्रं बरीच आहेत, ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी अंगणवाडीत मदतनीस. गावच्या पोरांना वजनकाट्यावर मीच धरते. आणि माझीच लेक अडीच वर्षांची होऊन साडेआठ किलोवर अडकलेली, तर मी म्हणायची, अंगकाठीच तशी. मग तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, 2013 साली आपल्या पालघरातून सुरू झालेलं ते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. डॉक्टर मॅडमनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पुढं टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. फुप्फुसांत रक्त जास्तीचं जातं, म्हणून दम, म्हणून सारखा कफ, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही.

ऑपरेशन सरकारी खर्चानं व्हायचं होतं, कागद चालू होते. तेवढ्यात न्यूमोनिया झाला. रात्रीतनं पुणं गाठलं, बेड मिळाला तिथं टाकलं. ते हॉस्पिटल सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत नव्हतं, आणि तिला हलवता येत नव्हतं. खर्चाचा अंदाज हातात आला, 3 लाख 40 हजार.

भाच्यानं व्हॉट्सॲपवर तिचा फोटो फिरवला. नाकात नळी, डोळे अर्धे मिटलेले, खाली ‘जीव वाचवा’ आणि ह्यांचा नंबर. दोन दिवसांत 4,200 रुपये जमले. तिघांनी फोन करून विचारलं, खरंच आहे ना हे? त्या प्रश्नाचा मला राग आला नाही. मीही असले मेसेज न वाचताच पुढं सारलेत.

चौथा फोन तुमचा. “ताई, आधी तो फोटो काढा. उद्या मोठी होऊन बघेल ती.” आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मला वाटलं, ह्या माणसाला फोटोचं पडलंय! पण तुम्ही दुसरा मागितलात आणि मी दिवाळीतला दिला, पिवळ्या फ्रॉकमधला, मुठीत चिरमुरे. त्याखाली तुम्ही लिहिलंत, “हिला चिरमुरे आवडतात. पळायलाही आवडतं, पण चार पावलांत दम लागतो.” मदतीची वेबसाइट तुम्हीच शोधलीत. हॉस्पिटलचं शिक्क्याचं पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, आधार, सगळं चढवलंत, आणि पैसे आमच्या नव्हे तर थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील असं बघितलंत. वेबसाइट देणाऱ्याकडून स्वतःसाठी वर टिप मागते, ती शून्य करता येते, हेही मेसेजात न विसरता टाकलंत. माझ्या तर ते डोक्यातच आलं नसतं.

अकरा दिवसांत रक्कम पुरी झाली. 51 रुपयेवाले होते, 10 हजारवाले होते. एकानं नुसतं लिहिलं होतं, ‘चिरमुऱ्यांसाठी’.

आणि तो उत्पन्नाचा दाखला. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे हे बिलाच्या मथळ्यावरनं तुम्हीच हेरलंत. अशा ट्रस्टच्या, म्हणजे धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिथं आपणहून कुणी सांगतही नाही. तहसीलचा दाखला काढून तुम्ही रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिलात. समाजसेवा विभागातल्या मॅडमनी तो बघितला आणि बिल खाली आलं. 61 हजार उरले.

इथं खरं सांगते. तुम्ही मोहीम बंद करून उरलेले पैसे शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या बिलात वळवायचं म्हणालात, तेव्हा माझं टाळकं फिरलं होतं. माझी कर्णफुलं गहाण होती, ह्यांचा महिन्याचा रोजगार बुडालेला. मी फोनवर काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही एवढंच म्हणालात, “लोकांनी ऑपरेशनला दिलेत, ताई. तुम्ही म्हणाल तसं करू, पण सगळ्यांना कळवून करू.” मी रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हटलं. कर्णफुलं अजून सुटली नाहीत. त्या पैशांतनं सोडवली असती तर काय बिघडलं असतं, असं अजूनही कधीकधी मनात येतं. पण त्या पोराची आई परवा फोनवर पोराचं बोलणं ऐकवत होती, तेव्हा मात्र नाही आलं.

तुमच्या दुकानात झेरॉक्सचे पैसे द्यायला आले होते, घेतले नाहीत. तेवढं तरी घ्यायचं होतंत.

सहा महिन्यांचा इको झाला, भोक पुरतं बुजलंय. वजन साडेअकरा. रिपोर्ट सोबत जोडलाय, ज्यांनी दिले त्यांना कळवायचं राहिलंय, तेवढं टाका. नवा फोटोही पाठवतेय. चार काढले, चारही हललेले आले, थांबतच नाही. त्यातल्या त्यात बरा बघून घ्या.

तुमची,
ताई