आई, आम्ही वाऱ्यावर नाही वाढलो

ती. आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, माळा आवरायला काढलाय आणि तुझी आई नर्सच्या नोकरीतल्या डायऱ्या रद्दीत घालायच्या म्हणतेय. मागून आईचा आवाज आला, "काय करायच्यात ठेवून? जन्मभर फिरती केली आणि पोरं वाऱ्यावर वाढली, एवढंच आहे त्यात." बाबांनी विषय बदलला. माझ्या मनातून मात्र तो जाईना. फोनवर बोलायला गेले असते तर आईने मध्येच "जेवलीस का" विचारून बोलणं तोडलं असतं, म्हणून लिहायला बसले.

आई, हे तू पहिल्यांदा म्हणाली नाहीस. दादाच्या लग्नात विहीणबाईंना सांगितलंस. २०१५ साली रिटायर झालीस तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात माईकवरही सांगितलंस, आणि समोर बसलेल्या सगळ्या सिस्टर डोळे पुसायला लागल्या, कारण त्या सगळ्यांच्याच मनात तेच होतं. आता माझं ऐक. वाढलो तो मी आणि दादा. आम्ही कसे वाढलो हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मुळा नदीच्या वरच्या खोऱ्यातलं ते आरोग्य उपकेंद्र मला खोली न् खोली आठवतं. पुढच्या खोलीत टेबल, वजनकाटा, भिंतीवर हाताने लिहिलेला लसीकरणाचा तक्ता. मागच्या दोन खोल्यांत आपण. मधल्या दाराला पडदा. सरकारी हिशेबाने डोंगरी आदिवासी भागात ३००० वस्तीला एक उपकेंद्र. कागदावर वाचलं की वाटतं हे ३००० लोक एका गावठाणात राहत असतील. तुझे लोक नदीच्या दोन्ही काठांना, वाड्या-पाड्यांत विखुरलेले होते, आणि पावसाळ्यात नदी कुणाला विचारून वाहत नव्हती.

संध्याकाळी तू फिरतीहून आलीस की आधी हात, मग सिरिंजा. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. तू त्या साबणाच्या पाण्यात धुऊन फडक्यावर मांडायचीस आणि जोड्या लावायचं काम माझं. नळीवर एक आकडा, दट्ट्यावर एक आकडा. दोन्ही सारखे असले तरच ती जोडी. भलताच दट्ट्या घातला तर अडकायचा, नाहीतर गळायचा. मला अजून शाळेत घातलं नव्हतं, पण मोठे आकडे मी त्या फडक्यावर शिकले. मग तू त्या डब्यात घालून स्टोव्हवर ठेवायचीस आणि पाण्याला उकळी फुटली की घड्याळात बघायचीस. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत तू माझी वेणी घालायचीस आणि दादाचं पुस्तक वाचून घ्यायचीस. त्याआधी स्टोव्ह विझवलेला मला एकदाही आठवत नाही. घरी पाहुणे आलेले असोत, चहा खोळंबलेला असो, वीस म्हणजे वीस. डब्याकडे बघणारं तिथे कुणीही नव्हतं, फक्त आम्ही दोघं होतो. कुणी तपासायला येणार नसताना काम कसं करायचं हे मला बँकेत कुणी शिकवलेलं नाही.

लसीची पेटीही तशीच. चार बाजूंना चार बर्फाच्या पिशव्या, मध्ये बाटल्या. दादाने एकदा विचारलं होतं, बर्फ आणखी घातला तर आणखी थंड राहील की. तू त्याला समजावलंस की डांग्या खोकल्याची लस गोठली की बाद होते, आणि पोलिओची तापली की बाद होते. म्हणून दोन ते आठ डिग्री, इकडेही नाही न् तिकडेही नाही. त्या पेटीपायी तू तापलेल्या दुपारी रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली थांबायचीस, पेटी सावलीला आणि तू उन्हाला.

गोवराच्या साथीचं वर्ष दादालाही आठवतं. पाड्यावर अंगावर पुरळ उठलं की देवी आली म्हणायचे, दाराला लिंबाचा डहाळा लावायचे आणि सुईवालीला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाहीत. शाळेला सुट्टी होती म्हणून तू आम्हाला बरोबर नेलं होतंस. त्या घरातली म्हातारी दारात हात आडवा करून उभी राहिली. तुझ्याबरोबरचा आरोग्यसेवक तिला अडाणी म्हणाला. तू त्याला मागे सारलंस, चप्पल काढलीस, ओटीवर बसलीस आणि म्हणालीस, "आजी, देवीचं देवीला करा, मी मध्ये येत नाही. आजारी लेकराला मी टोचणारही नाही. फक्त हे गोड औषध चमच्याने पाजते. आणि शेजारच्या ज्या लेकरांकडे देवी अजून गेली नाही, तेवढी मला द्या." ते पिवळं अ जीवनसत्त्वाचं औषध होतं, चमच्यावर खूण केलेलं. म्हातारी बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिली. मग आतून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी आली, तू ती आधी खाल्लीस, आणि मगच पेटी उघडलीस. परतताना तू त्या आरोग्यसेवकाला म्हणालीस, "तिने सात लेकरं जगवलीत. तिला अडाणी कसं म्हणायचं?" मी माझ्या मुलीला हे सांगितलं आहे. तिने ते तिच्या मैत्रिणीला सांगितलं, असं तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

सुईणींच्या ट्रेनिंगचंही तसंच. सरकारने पाच स्वच्छता शिकवायला सांगितल्या होत्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि नाळेला राख-शेण काही न लावता ती कोरडी, स्वच्छ ठेवायची. पाढ्यांच्या आधी मला बोटांवर ते पाच पाठ होते. पण तू सुरुवात तिथून करायची नाहीस. आधी त्या बायकांनाच विचारायचीस, तुम्ही कसं करता, सांगा. तासभर ऐकायचीस. मूल आडवं असलं तर त्या हाताने कसं ओळखतात हे तू त्यांच्याकडून शिकलीस, हे तू स्वतः आम्हाला अभिमानाने सांगायचीस.

आणि ती टार्गेटची वर्षं. मार्च जवळ आला की घरात एक वेगळीच शांतता असायची. मार्चअखेरपर्यंत इतक्या केसेस, म्हणजे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला इतक्या बायका, आणल्याच पाहिजेत. आकडा वरून यायचा. एका महिन्याच्या मीटिंगमध्ये तुला सगळ्यांसमोर उभं करून बोलले होते, कारण एका बाईला तू परत पाठवलं होतंस. तिचं एक मूल आदल्याच पावसाळ्यात गेलं होतं, नवरा ऑपरेशनच्या पैशांसाठी घेऊन आला होता, आणि ती बाई तुझ्यासमोर नुसती रडत होती. तू लिहिलंस, "लाभार्थी तयार नाही." तुझी एक केस कमी पडली. त्या रात्री तू पडद्यामागे बाबांना म्हणालीस, "पगारवाढ अडली तरी चालेल, तिचा हात धरून मी अंगठा घेणार नाही." मी जागी होते, आई. पुढे एप्रिल १९९६ मध्ये सरकारने ती वरून यायची टार्गेटं काढून टाकली, देशभर. तू तेव्हा काही बोलली नाहीस. पण तू ते आधीच ओळखलं होतंस, आणि त्याची किंमत एकटीने मोजली होतीस.

पोलिओचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ९ डिसेंबर १९९५ ला पहिला पल्स पोलिओ झाला तेव्हा मी तुझ्या बूथवर रांग लावायला उभी होते. नंतर तुझी बदली खाली नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या ऊसपट्ट्यात झाली आणि खरी दमछाक तिथे सुरू झाली. गावातली पोरं सापडायची. ऊसतोडीच्या कोप्यांतली, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांतली, सापडायची नाहीत, कारण माणसं पहाटेच फडावर गेलेली आणि पोरंही बैलगाडीत बरोबर. म्हणून तू अंधारात निघायचीस. करंगळीवर शाई लावायची, कोपीला दार नसायचं तर खडूची खूण गाडीच्या फळीवर करायची. ज्या घरातली सगळी पोरं झाली तिथे 'पी', एखादं राहिलं तर 'एक्स'. एक्सची घरं तुला झोपू द्यायची नाहीत. एकदा दिवाळीला मी घरी आले होते आणि तू फराळाचा डबा घेऊन कोपीवर गेलीस, एका एक्ससाठी. तेव्हा मला थोडा राग आला होता. आज नाही येत.

जानेवारी २०११ मध्ये हावड्याला एका लहान मुलीला पोलिओ झाला. नैसर्गिक विषाणूने झालेला तो देशातला शेवटचा. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा टीव्हीवर मोठमोठी माणसं दिसत होती. मी तुला फोन केला, अभिनंदन म्हणाले. तू म्हणालीस, "माझं कसलं, सगळ्यांचंच." असं म्हणायची तुझी रीतच आहे. पण मला सांग, त्या सगळ्यांमध्ये कोण होतं? पेटी खांद्याला लावून अंधारात ऊसाच्या बांधावरून चालणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक माझी आई होती. मी हे मोठ्याने म्हणणार, तुला संकोच वाटला तरी.

आता वाऱ्याचं बोलू. बाबा, हे तुमच्यासाठी.

झेडपीच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणासाठी तुम्ही किती अर्ज केले ते तुम्हालाच माहीत. ते होईपर्यंत तुमची शाळा एका टोकाला आणि आईचं उपकेंद्र दुसऱ्या. मुक्कामी एसटी रात्री यायची, तिने तुम्ही यायचात आणि सकाळी तिच्याचने परत. त्या मधल्या वेळात तुम्ही भाकरी थापायला शिकलात. पहिल्या काही भाकऱ्या दादाने वाळवून भोवऱ्यासारख्या फिरवल्या होत्या, पण तुम्ही सोडलं नाहीत. गावात लोक बोलायचे. "मास्तर चुलीपुढे आणि बाई गावभर." एकदा तुमच्याच नात्यातल्या एका मोठ्या माणसाने जेवताना हे तोंडावर म्हटलं. तुम्ही त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढलीत आणि म्हणालात, "ती गावभर फिरते म्हणून गावातली लेकरं नीट आहेत. भाकरी गरम आहे, घ्या." आई तेव्हा घरी नव्हती. तिला हे कुणी सांगितलं की नाही मला माहीत नाही, म्हणून आज इथे लिहून ठेवते.

तर आई, ज्या घरात रात्री बाप वाट बघायचा, ज्या पाड्यावर गेलो तिथली म्हातारी "नर्सबाईची पोरं" म्हणून पदराआडून गुळाचा खडा हातात द्यायची, जिथे आवणीच्या दिवसांत तू उशिरा येणार म्हणून शेजारची काकू आपणहून भात टाकायची, तिथे वारा शिरायला जागा कुठे होती? मला एकटं वाटल्याचं आठवत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटायचं कधीकधी. पावसाळ्यात नदीला पाणी असलं आणि तू पलीकडे अडकलीस की मी आणि दादा एकाच गोधडीत झोपायचो. पण तू कुठे आहेस आणि का आहेस हे आम्हाला कायम माहीत होतं. कितीतरी घरांत आई दिवसभर डोळ्यांसमोर असते आणि तिच्या मनात काय चाललंय हे पोरांना कळत नाही. आम्हाला तुझं कळायचं. रात्री डायरी लिहिताना तू मोठ्याने बोलत लिहायचीस, कुठल्या पाड्यावर कुणाचं वजन भरत नाही, कुणाला सातवा लागला, कुणाच्या पायाला सूज आहे. आम्ही ऐकत ऐकत झोपायचो. मला आजही त्या बायकांची नावं आठवतात.

बाबा, त्या डायऱ्या रद्दीवाल्याला द्यायच्या नाहीत. गोणीत भरून ठेवा, दादा गाडी घेऊन येईल तेव्हा त्याच्याबरोबर माझ्याकडे पाठवा. ठाण्याच्या घरात जागा कमी आहे, पण त्यांच्यासाठी कपाटाचा वरचा कप्पा मी मोकळा केला आहे. आई, सुट्टीत आलीस की तुझ्या नातीला शेजारी बसवून एकेक पान वाचून दाखव. तुझं अक्षर तिला लागत नाही, आणि 'एएनसी' म्हणजे गरोदर बाईची तपासणी, हेही तिला कळायला हवं.

आणि गुडघ्याचं. डॉक्टरांनी ऑपरेशन आता पुढे ढकलू नका म्हणून सांगितलं आहे आणि तू ते पोरीला रजा नको म्हणून ढकलते आहेस, हे बाबांनी मला सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. मी रजेचा अर्ज दिला आहे आणि साहेबांनी सहीही केली आहे. दवाखान्यात मी राहीन, घरी आल्यावरही मी राहीन. दादा दर शनिवारी येईल. स्वयंपाकाला बाबा आहेतच, आता त्यांच्या भाकऱ्या चांगल्या होतात. फिजिओथेरपीवाला सांगेल तितका वेळ पाय हलवायचा. तिथे मी घड्याळ लावून बसणार आहे आणि वीस म्हणजे वीस.

तारीख ठरली की फोन करा. बाबा, बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, नव्या आणून ठेवा. तुमच्या नातीचा दोघांना नमस्कार.

तुमची
मनू