कालची ओळ

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रोज सकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतोस, वाचतोस, प्रार्थना करतोस, आणि तरी सगळं कोरडं वाटतं. उपाय म्हणून आता वीस मिनिटांचा तास करायचं ठरवलं आहेस. इतक्यात तसं करू नकोस. कोरडेपणाला कारणं पुष्कळ असतात, पण वेळ अपुरा पडतो म्हणून तो आला असं फार क्वचित होतं.

आधी शरीराकडे बघ. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला लावतो. होरेब डोंगरावरची देवाची मंद वाणी त्यानंतरची, चाळीस दिवसांची वाट चालल्यावरची. तुझी झोप पाच तासांचीच होत असेल, तर सकाळच्या एकांताची दुरुस्ती रात्रीच करायला हवी: झोपण्याची वेळ ठरव, उद्याचा उतारा काढून शास्त्रात खूण घालून ठेव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. मनावरचा अंधार आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि एखाद्या जवळच्या विश्वासणाऱ्याला सांग. त्यात अविश्वास काहीच नाही.

आता त्या वीस मिनिटांविषयी. पहिली दोन मिनिटं नुसता गप्प बस. मन लगेच कामांकडे धावेल, म्हणून जवळ एक कोरा कागद असू दे. आठवलेलं काम त्यावर लिहून टाकलं की ते डोक्यात घोळत राहत नाही. मग आठ मिनिटं वाचन, दहा ते पंधरा वचनं, त्याहून जास्त नको. एकदा मनात वाच, एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना डोळ्यांनी ओलांडलेले शब्द जिभेला अडतात. तिसऱ्यांदा वाचताना विचार: इथे देव कसा दिसतो? माणूस कसा दिसतो? आणि यातलं मी आज काय करायचं? पुढची तीन मिनिटं या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत एका ओळीत लिहिण्यासाठी ठेव. उरलेली सात प्रार्थनेला.

वाचायचं काय, तर मार्कचं शुभवर्तमान. १६ अध्याय आहेत, या गतीने सुमारे दोन महिने पुरतील. पान आपोआप उघडेल तिथलं वाचू नकोस, त्याने संदर्भ तुटतो आणि हळूहळू आपल्याला हवं तेच वचन शोधायची सवय लागते. वर्षात संपूर्ण शास्त्र वाचण्याचा बेत चांगला आहे, पण ११८९ अध्याय म्हणजे रोज तीन-चार. त्या वेगात मनन होत नाही, आणि बरेच जण लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकून सगळंच सोडून देतात. तो बेत दिवसातल्या दुसऱ्या वेळेला ठेव. मननाच्या पुस्तिका उताऱ्यानंतर वाच, उताऱ्याऐवजी नको. आणि मंडळीत संदेश द्यायचा असेल त्या आठवड्यात जास्त सांभाळ: दुसऱ्यांना काय सांगायचं हे शोधत वाचलेलं वचन आपल्याला शिवत नाही.

प्रार्थनेची यादी लांबली की ती नावांची नुसती हजेरी होते. नावं सात दिवसांत वाटून टाक, रोज तीन-चार. पापांगीकार करताना ‘माझ्या चुका क्षमा कर’ एवढ्यावर थांबू नकोस. काय केलं, कोणाशी, कधी, ते नाव घेऊन सांग. बोलायला शब्दच नसतील त्या दिवशी स्तोत्र १३ घे. सहा वचनांचं आहे, आणि पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, ‘किती वेळ?’ देवाने तो प्रश्न आपल्या शास्त्रात राहू दिला आहे, तेव्हा तूही तो विचारू शकतोस.

आता मुख्य गोष्ट. मला वाटतं तुझा कोरडेपणा इथलाच आहे. तू वाचतोस, समजतंही, आणि शास्त्र मिटलं की ते तिथेच राहतं. याकोब आपल्या पत्रात अशा माणसाला आरशात तोंड बघून निघून जाणारा म्हणतो: आपण कसे दिसतो ते बघितलं, आणि लगेच विसरला. योहान १४:२१ मध्ये प्रभू सांगतो की जो त्याच्या आज्ञा पाळतो त्याच्यावर तो प्रीती करील आणि स्वतः त्याला प्रकट होईल. आपण त्याचं प्रकट होणं पहाटेच्या खोलीत शोधत बसतो, आणि पाळायची आज्ञा दुपारी कामावर असते. कालचं वचन न पाळता आज नवं मागायला बसलं की आत शांतता असते. ती देवाने पाठ फिरवल्याची नसते. तो आधीच बोललेला असतो.

म्हणून ती एक ओळ. ती कशी लिहायची हे महत्त्वाचं. ‘मी अधिक प्रेमाने वागेन’ असं लिहू नकोस, ते रात्री तपासता येत नाही. माणूस, कृती आणि वेळ, तिन्ही असू देत: ‘आज दुपारच्या आत भावाला फोन करून त्या दिवशीच्या बोलण्याची क्षमा मागेन.’ ‘हिशेबात लपवलेली रक्कम आज सांगून परत देईन.’ ओळ इतकी लहान असावी की चोवीस तासांत होईल. एखाद्या दिवशी करण्यासारखं काही सापडलं नाही तर आभाराची ओळ लिही, ओढूनताणून आज्ञा काढू नकोस. आणि दुसऱ्या दिवशी बसशील तेव्हा नवा उतारा उघडण्याआधी कालची ओळ वाच. झाली असेल तर खूण कर. राहिली असेल तर त्या दिवशी नवीन ओळ लिहायची नाही, तीच पुढे चालेल. तीन दिवस तीच ओळ पुढे सरकली तर खोलीत आणखी प्रार्थना करत बसू नकोस, ऊठ आणि ते काम करून ये. मत्तय ५:२४ मध्ये तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं सांगितलं आहे.

ही ओळ चुकवायच्या वाटा बहुतेक ठरलेल्या असतात. एक म्हणजे अर्धं पाळणं. शौल राजाला अमालेकी लोकांचा गुराढोरांसकट नाश करण्याची आज्ञा होती. त्याने लोकांचा नाश केला, पण त्यांच्या राजाला जिवंत ठेवलं आणि उत्तम मेंढरं-गुरं यज्ञासाठी म्हणून राखली. शमुवेल संदेष्टा आला तो मेंढरांचं बेंबावणं ऐकतच. दुसरी वाट अदलाबदलीची: क्षमा मागणं अवघड, म्हणून त्याऐवजी उपास करायचा, दान द्यायचं. तिसरी, मागितलेलं स्पष्ट असताना आणखी खूण मागत राहणं. गिदोनाने खूण मागायला लोकर पसरली तेव्हा देवाचा शब्द त्याला आधीच मिळालेला होता. देवाने त्याला सांभाळून घेतलं ही कृपा, पण ती पद्धत नव्हे.

मनात आलेलं प्रत्येक सुचणं देवाचं असतं असं मात्र धरू नकोस. नोकरी सोडणं, लग्न, मोठी रक्कम देणं अशा गोष्टी एका सकाळच्या ओळीत बसवायच्या नाहीत. शास्त्राच्या स्पष्ट शिकवणीविरुद्ध जात असेल तर तिथेच सोड. जात नसेल तरी दोन प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचार, आणि त्यांतला एक तरी तुला नाही म्हणू शकणारा असावा. काही आठवडे थांब. खरं बोलणं, क्षमा करणं, देणं चुकतं करणं, यांना मात्र थांबण्याची गरज नाही, ते आधीच लिहून दिलेलं आहे.

विश्वासाबद्दल तू विचारलंस की मनात खात्री नसताना पाळलं तर ते ढोंग नाही का. लूक ५ पुन्हा वाच. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर राबले होते, काही मिळालं नव्हतं, आणि जाळी धुण्याचं काम चाललं होतं. तेवढ्यात येशूने जाळी पुन्हा टाकायला सांगितली. पुन्हा टाकणं म्हणजे पुन्हा धुणं. त्याला मासे मिळतील असं वाटत होतं असं कुठेच लिहिलेलं नाही. तुझ्या सांगण्यावरून टाकतो, इतकंच तो म्हणाला. विश्वास तेवढाच होता आणि तेवढा पुरला. मार्क ९:२४ मधल्या बापाने तर विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात प्रभूपुढे ठेवले, आणि त्याचा मुलगा बरा झाला.

पण दर वेळी जाळी भरतील अशी अपेक्षा बाळगू नकोस. मार्क ६ मध्ये येशूनेच शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवलं, आणि वारा समोरून आला. ते त्याच्या आज्ञेतच होते आणि तरी रात्रीच्या चौथ्या प्रहरापर्यंत वल्ही मारून दमले. तू क्षमा मागशील आणि समोरचा फोन ठेवून देईल, असं होऊ शकतं. तरी त्या ओळीपुढे खूण कर, कारण ती ओळ तुझ्या कृतीची होती, त्याच्या उत्तराची नव्हे.

एक काळजी मात्र घे. खुणांची रांग पाहून देव आपल्यावर खूश आहे असं मोजायला लागलास तर वही बंद कर आणि इफिस २:८-१० तीन दिवस वाच. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, आणि सत्कृत्यं त्यानंतर. हा क्रम उलटला की आज्ञापालन ओझं होतं आणि एक चुकलेली सकाळ दोषासारखी पाठीला बसते. चुकलेल्या दिवसांचं वाचन भरून काढू नकोस. रानात देवाने इस्राएलाला दिलेलं अन्न, मान्ना, रोजच्या रोज गोळा करायचा होता, आणि सकाळपर्यंत राखून ठेवला त्याला किडे पडले. चार दिवस राहिले असतील तर पाचव्या दिवशी खुणेच्या जागेवरूनच पुढे चल.

उद्या मार्क १:१ पासून सुरू कर. ३५ व्या वचनापाशी पोहोचलास की जरा थांब: आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलं होतं, आणि पहाटे अंधारातच येशू एकांतात जाऊन प्रार्थना करत होता. सगळे त्याला शोधत असताना तो दुसऱ्या गावांकडे निघाला. कुठे जायचं हे लोकांच्या मागणीवरून ठरलं नाही. आणि पत्रात ज्या भावाचा उल्लेख करून तू पुढचं वाक्य खोडलं आहेस, त्याच्याविषयीची ओळ लिहायला मार्क संपण्याची वाट पाहू नकोस. त्याला भेटून आलास की मला कळव, मी रोज सकाळी तुम्हा दोघांची नावं घेतो आहे.

तुझाच,
ख्रिस्तातला मित्र