‘झिरो कट’आधी कंगवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च उजाडला की केसाळ कुत्र्यांना ‘झिरो कट’ मारून आणायची शहरांत लाट येते. कारणं ठरलेली असतात. ‘उकडतं हो बिचाऱ्याला’ आणि ‘विंचरूच देत नाही, अंगावर येतो.’

पहिल्या कारणाचा निकाल लवकर लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतली गळालेली लव विंचरून काढली की वरच्या केसांतून हवा खेळते, आणि तेच केस कातडीला उन्हापासून वाचवतात. मुळापासून भादरलेल्या पॉमेरेनियनचे केस कधीकधी वर्ष उलटलं तरी नीट येत नाहीत. आले तरी ठिगळं लावल्यासारखे. शिह त्झू आणि ल्हासा ॲप्सोचे केस मात्र वाढतच राहतात. ते आखूड ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर राहू द्यावेत.

दुसऱ्या कारणासाठी हे पत्र. विंचरताना अंगावर येणाऱ्या कुत्र्याला बहुतेक वेळा दुखत असतं. वरवर ब्रश फिरवला की पाठ चमकते, पण बगलेत, कानांमागे, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घासतो तिथे कातडीलगत गुंता तसाच राहतो. पुढच्या खेपेला ब्रश त्यात अडकतो, हिसका बसतो, कुत्रा तोंड फिरवतो आणि घरचे त्याला आणखी घट्ट धरतात. असं दोन-चारदा झालं की ब्रशचा खण उघडल्याचा आवाज येताच स्वारी पलंगाखाली. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ ते बारा महिन्यांच्या वयात, गुंता एकदम वाढतो. ‘आधी गुणी होता, आता बिघडला’ ही तक्रार नेमकी याच वयातली.

हत्यारं दोनच लागतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि अर्धे दात विरळ, अर्धे दाट असलेला स्टीलचा कंगवा. स्लिकर आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. ओरखडा उठला तर जोर जास्त होतोय. एकाच जागी घासत राहिलं तर कुत्र्याची कातडी लाल होऊन चुरचुरते. कोरडेठाक केस तुटतात, म्हणून अर्धा लिटर पाण्यात कुत्र्यांच्या कंडिशनरचा एक चमचा मिसळून हलका फवारा मारावा. खोबरेल तेल नको. त्यावर धूळ बसते, केस चिकटतात आणि उरलेलं तेल कुत्रा चाटून टाकतो.

सवय लावताना पहिले काही दिवस विंचरायचंच नाही. ब्रश जमिनीवर ठेवावा, त्याने हुंगला की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. मग ब्रशची पाठ खांद्याला टेकवून तुकडा, मग ब्रश एकदाच फिरवून तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी ब्रश, मागून खाऊ. उलट केलं की खाऊ दिसताच कुत्रा सावध होतो. सुरुवात खांदा आणि पाठीपासून. पंजे, शेपूट, तोंड सगळ्यात शेवटी. झोप आलेली नसताना जांभई, नाकावरून पटकन फिरणारी जीभ, डोळ्याचा दिसू लागलेला पांढरा भाग, ताठरलेलं अंग, यांपैकी काहीही दिसलं की हात थांबवावा. गुरगुरला म्हणून रागावू नये. गुरगुरणं दाबलेला कुत्रा इशारा न देता चावतो. रोज दोन-तीन मिनिटं पुरतात. रविवारी चौघांनी धरून तासभर विंचरणं म्हणजे आठवडाभराची मेहनत पाण्यात.

एवढी सवय झाली की खरं विंचरणं. कुत्र्याला कुशीवर झोपवून पायाच्या तळापासून वर जायचं. डाव्या तळव्याने केस वर दाबून धरायचे, खालून बोटभर रुंदीची ओळ सोडायची, भांग पाडल्यासारखी कातडी दिसली पाहिजे. ती ओळ कातडीपासून टोकापर्यंत विंचरली की त्याच्या वरची. शेवटी कंगवा. तो अडला तर तिथे गाठ आहेच, मग वरून केस कितीही मोकळे दिसोत.

गाठ सोडवताना ती आणि कातडी यांच्या मधे केस चिमटीत पकडावेत, म्हणजे ओढ आपल्या बोटांवर येते. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून गाठ बोटांनी फाकवावी आणि कंगव्याच्या कडेच्या दातांनी टोकाकडून मोकळी करत मुळाकडे जावं. कात्री लावू नये. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते, केसांत ती दिसत नाही आणि टाके घालायची वेळ येते. न सुटणारी गाठ दहा नंबरच्या ब्लेडच्या क्लिपरने (केस कापायच्या मशीनने), ब्लेड कातडीला सपाट ठेवून काढावी. ब्लेड तापतं, ते दर थोड्या वेळाने मनगटावर टेकवून पाहावं.

आंघोळ नेहमी विंचरल्यानंतर. ओली गाठ आवळते, आत शाम्पू अडकतो आणि खालची कातडी चिघळते. पावसाळ्यात टॉवेल चोळू नये, दाबून पाणी टिपावं आणि मुळापर्यंत वाळवावं. अंगाला कुबट वास येत असेल तर मुळं ओलीच आहेत. पाऊस संपल्यावर टेकडीवर फिरवून आणलं की बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत कुसळं बघावीत, ती कातडीत आत-आत सरकतात. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल वगैरे लावू नये.

वर्षानुवर्षं निमूट विंचरून घेणारा कुत्रा अचानक हात लावू देईनासा झाला तर ब्रश बाजूला ठेवून पशुवैद्य गाठावा. कान पिकलेला असतो, कंबरेचा सांधा दुखत असतो.

एका अवस्थेत ‘झिरो कट’च योग्य: सगळ्या अंगावर जटांचा नमदा झालेला असतो तेव्हा. तासन् तास सोडवत बसणं हा त्या जिवाचा छळ आहे. मात्र सलूनवाल्यांनी मशीन लावण्याआधी केस फाकवून जटा मालकाला दाखवाव्यात आणि किती लांबी उरेल ते सांगावं. मालकांनीही ते मागावं. झोपेचं औषध पशुवैद्याशिवाय कुणाच्या हातून नको, बसक्या नाकाच्या शिह त्झूला तर नाहीच. कानांवरच्या जटा काढल्यावर कुत्रा डोकं झटकत राहतो, त्याने कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. पुढचे दोन दिवस कान फुगतोय का ते रोज हात लावून पाहावं, आणि फुगला तर तो दाबून बघत न बसता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

आपल्या,
श्वान-ग्रूमिंगचा व्यवसाय करणाऱ्या दोन वाचक, पुणे