अंगठा उठला नाही म्हणून माणूस बोगस ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर तुम्ही जो मथळा छापलात, त्यातल्या एका शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे. रेशनची केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून पडताळणी, ज्यांची झालेली नाही, त्यांना तुमच्या बातमीदाराने सरळ ‘बोगस लाभार्थी’ म्हटलं आहे. बातमीत अधिकाऱ्याचं म्हणणं आहे, नव्या तंत्रज्ञानाचं कौतुक आहे. ज्यांची केवायसी अडली त्यांच्यापैकी एकाही माणसाशी कुणी बोलल्याचं मात्र दिसत नाही.

आमच्याकडे पेपर आई वाचते. तिची चौथी झालेली आहे, वय ७४. ती मोठ्याने वाचते आणि मी स्वयंपाक करता करता ऐकते. काल तिने हा मथळा वाचला, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे मी पण का गं?” पुढची बातमी तिने वाचली नाही. आजही सकाळी पेपर घडी न मोडता तसाच पडून आहे, म्हणून मी लिहायला बसले.

माझ्या आईने अकराव्या वर्षापासून विड्या वळल्या. पन्नासहून जास्त वर्षं. सोलापुरात हे काय असतं ते सांगायची गरज नाही, पण तुमचा बातमीदार बहुधा बाहेरगावचा असावा, म्हणून सांगते. रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे उठून पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने कापायचं. मग सूप मांडीवर घेऊन एकेका पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी पान घट्ट वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. दिवसाला हजार वळल्या तर मजुरी पुरी. संध्याकाळी माल कारखान्यात गेला की त्यातली छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघायची, तिचे पैसे कापले जायचे. प्रत्येक विडी तीच तीन बोटं दाबून, घासून तयार व्हायची. हजाराला दिवसांनी आणि वर्षांनी गुणा.

आज ती बोटं उन्हात धरली तर चकाकतात. टाकी न लावलेल्या जुन्या पाट्यासारखी गुळगुळीत. वाटण बारीक होत नाही म्हणून पाट्याला टाकी देणारा दारावर यायचा, माणसाच्या बोटांना कोण टाकी देणार?

गेल्या वर्षी केवायसीसाठी मी तिला रेशन दुकानात घेऊन गेले. आईचं कार्ड वेगळं आहे, त्यावर ती एकटीच, महिन्याला पाच किलो धान्य. दुकानदाराने मशीन पुढे केलं. उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल दिवा. मग रांगेतल्या बायका सांगायला लागल्या. एक म्हणाली, हात धुवून या. दुसरी म्हणाली, बोट कपाळावर घासा, जरा तेलकट झालं की उठतं. आईने कपाळावर घासलं, केसांवर घासलं, पदराने पुसलं. तर्जनी झाली, मधलं बोट झालं. नऊ वेळा. रांग वाढत गेली तसं आईचं बोट थरथरायला लागलं आणि मग तर काहीच उठेना. दुकानदार वाईट माणूस नाही. तो म्हणाला, “मावशी, आधी आधार अपडेट करून आणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आधार केंद्राबाहेर टोकनसाठी उभ्या राहिलो. साडेअकराला नंबर आला. तिथल्या मुलाने दहाही बोटं घेऊन बघितली, स्क्रीनकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, “यांचं आधार नक्की यांचंच आहे ना?” आई शेजारीच बसली होती. तिला ऐकू येतं. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. काल तुमचा मथळा वाचून तिने जो प्रश्न विचारला, तो तिच्या मनात त्या दिवसापासूनच होता, असं मला आता वाटतं.

पुढे चेहऱ्यावरून केवायसी करायचं मोबाइलवर आलं. गोलात तोंड धरा, डोळ्यांची उघडझाप करा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एक पापणी अर्धवटच मिटते. खिडकीपाशी, अंगणात, नळावर, असं ठिकठिकाणी उभं करून शेवटी अंगणातल्या उजेडात एकदाचं झालं. तिच्याजवळ मोबाइलवाली मुलगी होती म्हणून झालं. आमच्या गल्लीत अशा सात-आठ म्हाताऱ्या आहेत, मराठी बोलणाऱ्या आणि तेलुगू बोलणाऱ्या दोन्ही. त्यांच्यातल्या दोघींचं कुणीच जवळ नाही. तुमच्या हिशेबात त्या दोघी बोगस आहेत. मी त्यांना ओळखते. दोघीही जिवंत आहेत आणि दोघीही इथेच राहतात.

हे यंत्र काय बघतं, तेही सांगते. माझ्या मुलाने मला समजावून दिलंय. बोटावरच्या रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटून दोन होतात, त्या जागा मशीन टिपतं आणि आधार काढताना नोंदवलेल्या जागांशी जुळवून बघतं. वय झालं की कातडी कोरडी आणि सैल होते, रेषांचे उंचवटे बसतात. वर हाताचं काम असेल तर ते झिजतात. विडीवाली, धुणी-भांडीवाली, वीटभट्टीवरचा, सिमेंट कालवणारा, ज्यांना रेशन सगळ्यात जास्त लागतं त्यांचीच बोटं आधी जातात. ऑफिसात बसणाऱ्याचा अंगठा पहिल्या झटक्यात उठतो. तेव्हा लाल दिव्याचा अर्थ इतकाच, की मशीनला रेषा वाचता आल्या नाहीत. माणूस खोटा आहे असं त्यातून कुठेही सिद्ध होत नाही.

आणि हे सरकारला माहीत नाही असंही नाही. आधारचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता तेव्हा, २०१८ साली, आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सरकारी सेवांमध्ये पडताळणी फसण्याचं प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत असल्याचं सांगितलं होतं. शंभरात बारा. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला निकाल लागला, आधार टिकलं. पण निव्वळ पडताळणी फसली म्हणून कुणाला हक्काच्या लाभापासून वंचित ठेवू नये, हेही त्याच निकालात आहे. त्याआधी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने राज्यांना लेखी कळवलं होतं, की अंगठा जुळला नाही, नेटवर्क नसलं तरी धान्य नाकारू नका. असं असताना तुमच्या बातमीत एक ओळ यायला हवी होती, की ज्याचा अंगठा उठत नाही त्याने कुणाकडे जायचं. ती ओळ नाही. मथळ्यात ‘बोगस’ आहे.

बोगस कार्डं नाहीत असं माझं म्हणणं नाही. आहेत. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललेलं आम्हीही पाहिलंय, ते थांबलंच पाहिजे. पण ते शोधायचं तर घरी जाऊन बघा, शेजाऱ्यांना विचारा. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, खुद्द पंतप्रधान आले होते. तेव्हा सांगितलं होतं, की ज्याच्याजवळ ओळखीचा कागद नाही अशा गरिबाला यातून ओळख मिळेल. माझ्या आईने मोठ्या हौसेने फोटो काढून घेतला होता, नवीन पातळ नेसून. तिला ओळख मिळाली होती. ती आता पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. रेशनला, आणि पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला दर वर्षी. विडी कामगारांची पेन्शन किती असते हेही जाता जाता तुमच्या बातमीदाराने विचारावं. आईला महिन्याला हजार रुपये मिळतात आणि ते मिळत राहावेत म्हणून दर नोव्हेंबरात तीच बोटं पुन्हा मशीनवर.

आणखी एक. पूर्वी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर चौकट यायची, कोणत्या कार्डावर या महिन्यात गहू किती, तांदूळ किती. आई ती कापून कार्डात ठेवायची आणि दुकानात दाखवायची. दुकानदाराने कमी तोललं तर बोलायला हातात कागद असायचा. ती चौकट वर्षापूर्वी बंद झाली, त्या जागी नव्या मोबाइलच्या किमती येतात. मी मागे याबद्दल पोस्टकार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. ती चौकट परत सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

मुख्य मागणी एवढीच, की कालचा शब्द तुम्ही मागे घ्यावा आणि तोही पहिल्याच पानावर, जिथे छापला तिथेच. ‘केवायसी प्रलंबित’ असा साधा शब्द आहे, तो वापरा. आणि तुमच्या बातमीदाराला आमच्या गल्लीत पाठवा. त्या दोघी म्हाताऱ्यांना घेऊन मी येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता पुन्हा दुकानात जाणार आहे. त्याने रांगेत आमच्याबरोबर उभं राहावं, त्यांची बोटं आपल्या हातात घेऊन बघावीत आणि मग बातमी लिहावी.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सोलापूर