चि. बाळूस, निपाणीहून

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मीच फोन आपटला, म्हणून लिहायला बसलोय. पैशाचं विचारणार नाही. आईला तसा शब्द दिलाय.

रविवारी सुमी धारवाडहून आली होती. तिला म्हटलं, शेअर बाजाराच्या सौद्यांत दोन लाख घालवून हा पोरगा परत त्याच विहिरीत कसा उतरतो? तर तिनं माझाच तास घेतला. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळतात, कमी मिळालं की गप्प होतात, आणि या फरकावरच माणूस शिकतो म्हणे. ताण आला की तराजू कलतो. काही प्रयोगांत ताणाखालची माणसं फायद्यानं भराभर शिकली, फटक्यानं मात्र शहाणी झाली नाहीत. सगळीकडे असंच येत नाही, कुठे बक्षिसाची गोडीच उडते. खरं मला पहिलंच पटलं.

ताण आणतात कसा, तर बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं हात. सोमवारी मीही बादली घेऊन बसलो. दीड मिनिटात बोटांची हाडं ठणकायला लागली. आई म्हणाली, "म्हातारपणी हे काय सोंग?" दुसरी रीत जर्मनीतल्या ट्रिअर गावची, १९९३ सालची. मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांपुढं भाषण करायचं, मग मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत जायचं. चुकलं की पहिल्यापासून. हे ऐकून मी गप्पच झालो. दिवेलागणीला तुला खांबापाशी उभं करून एकोणीसचा पाढा म्हणायला लावायचो. अडलास की पहिल्यापासून. एकोणीस साते तू कधी धड म्हणाला नाहीस. तरी दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव आणलेस, पेढे मी पार चिकोडीपर्यंत वाटले.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात अंगात सुटणारं संप्रेरक, लगेच चढत नाही, वीस-तीस मिनिटांनी कळसाला जातं. मी ओरडून फोन ठेवला आणि अर्ध्या तासात तू परत सौदा टाकलास, हे सुमीकडून कळलं (तिच्यावर रागावू नको). म्हणजे बादली माझीच होती की.

आजोबांचं तरी काय वेगळं? एका साली तंबाखूला चढा भाव लागला. पुढं सात वर्षं व्यापारी प्रत उतरवून भाव पाडत राहिले, खरं सावकार दारात आला की आजोबांना तेवढं एकच साल आठवायचं. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसले आणि घरी येऊन परत तंबाखूच लावली. शेताची खालची पट्टी त्यातच गेली.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा आकडा तू वाचलाच असशील. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव जणांचं नुकसान. तू उरलेल्या सातांत असशील असं मलाही आतून वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते. फटका बसला की फोन उलटा ठेव, तासभर पाय मोकळे करून ये, मग काय ते ठरव. एवढा मोठा माणूस तू, आणि... जाऊ दे. परत पाढेच सुरू केले मी. माफ कर.

आईनं शेंगदाण्याची चटणी बांधलीय, शनिवारी परशाबरोबर पाठवतो.

तुझा,
बाबा

ता. क. सौद्याचं ॲप फोनमधून काढून टाकलंस काय? हो की नाही एवढंच लिही, आकडा नको. आणि मी विचारलं म्हणून आईला सांगू नको.