खडकांवर एकटी उतरू नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मनगटाला प्लॅस्टर घातल्याचं आम्हाला समीरकडून कळलं, तेही आठवड्याने. आईला राग आलाय. मला राग नाही, धास्ती आहे. अंधारात त्या खडकांवर एकटी का गेलीस? एवढं विचारून विषय संपवायचा, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

कारण मला ठाऊक आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी सगळ्यात मागे हटतं, एरवी बुडालेला खालचा पट्टा थोडा वेळ उघडा पडतो आणि तू अभ्यासतेस ती तांबडी समुद्री शेवाळं नेमकी तिथेच असतात. वेळ पहाटेची आली तर पहाटेच जावं लागणार. पण तूच मला समजावलं होतंस, की पाणी फिरल्यावर पहिल्या तासात जेमतेम चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जोरात. खडकावर चौकट टाकून मान खाली घालून तिच्यातली शेवाळं मोजणाऱ्या माणसाला ते कळणार कसं? सोबत कुणी असलं, तर एकाने तरी समुद्राकडे लक्ष ठेवावं.

तू पहिलं शेवाळ कागदावर घेतलंस, ते मला अजून दिसतं. पसरट ताटात समुद्राचं पाणी, त्यात तो लालसर गोळा सोडलास आणि त्याचे केसांसारखे फाटे सुटे झाले. खालून जाड कागद सरकवलास, सुईच्या टोकाने एकेक फाटा मोकळा केलास आणि कागद एका कडेने तिरका उचलून पाणी निथळू दिलंस. वर मलमल, मग टिपकागद, त्यावर आजोबांचे कोश. टिपकागद बदलायला रात्रीही उठायचीस. गोंदाचा थेंबही न लावता ते कागदाला चिकटलं, अंगच्याच चिकट द्रव्याने. तांबड्या शेवाळांतल्या असल्याच द्रव्यापासून जेली घट्ट करणारं 'अगर-अगर' काढतात, हेही तूच सांगितलंस. आणि त्याच बुळबुळीवरून त्या दिवशी तुझा पाय घसरला.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

मागच्या खेपेला कायमच्या नोकरीचं काढलं आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर मी कॅथलीन ड्रू-बेकर या शेवाळांच्या ब्रिटिश संशोधिकेबद्दल वाचलं. लग्न झालं म्हणून मँचेस्टर विद्यापीठातली शिकवण्याची नोकरी गेली, तरी बाई तिथेच बिनपगारी संशोधन करत राहिल्या. शिंपल्यांत वाढणारा गुलाबी सूक्ष्म जीव म्हणजे खाण्याच्या तांबड्या शेवाळाचीच एक अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. तोवर जपानमध्ये नोरी, म्हणजे हेच खाण्याचं शेवाळ, पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना बीज येतं कुठून हेच माहीत नव्हतं, पीक नशिबावर. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. त्या स्वतः जपानला कधी गेल्याच नाहीत, १९५७ मध्ये वारल्या. वाचून अभिमान वाटला आणि पोटात कालवलंही. तुला स्मारक नको आहे मला; महिन्याच्या महिन्याला पगार हवा आहे. उपदेश झाला, रागावू नकोस.

तुझं काम फुकट जातंय, असं मला कधीच वाटलं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेने सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरचं केल्पचं, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाचं, जंगल नाहीसं केलं. आधी तिथे काय होतं याच्या नोंदी होत्या, म्हणून काय गेलं ते कळलं. तुझ्या प्रत्येक नमुन्याखाली जातीचं नाव, तारीख, किनारा आणि संग्राहक म्हणून आपलं आडनाव असतं. आत्या आली की तिला मी तो एक कागद दाखवतोच. तिला त्यातलं फार कळत नाही, पण आडनाव वाचते.

तर एवढंच. हाताला जोर येईपर्यंत खारफुटीचं काम कर. चिखल असला तरी तिथे बरोबर माणसं असतात. तुमच्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक मी काढून ठेवलंय. पुढच्या अमावस्येची ओहोटी पहाटे पावणेपाचची आहे. तेव्हा जाणार असशील, तर सोबत कोण येणार त्याचं नाव आणि फोन नंबर आधी कळव. परत वर आलीस की मला फोन कर. मी जागा असेन.

तुझा,
बाबा