मडगावहून सलाम

मडगाव, 23 नोव्हेंबर, रविवार

प्रिय आई, पप्पा आणि आजी,

सलाम.

मी मजेत आहे. खरंच. आईने फोनवर तीनदा विचारलं, "आवाज का बसलाय?" नाईट करून आले होते, एवढंच. ड्युटीचं तुम्हाला पाठ आहे, ते लिहीत नाही. आजीला सांगा, परदेशातली नात अजून भाकरी थापते. तिचंही चूक नाही म्हणा, 1961 पर्यंत गोवा परदेशच होता.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर मी भलतंच बोलते. मागच्या महिन्यात आई म्हणाली, "तुझा फोन आला की मी आधी पाणी पिऊन घेते." हसले, पण लागलं. पाऊस, न वाळणारे कपडे, सीनियर सिस्टर, प्रत्येक आमटीत नारळ. सगळ्यांचीच गाऱ्हाणी. पप्पांनी लगेच बायबलातलं गणना 11 वाचायला लावलं. वाचलं. रोज आकाशातून मान्ना, म्हणजे देवाने दिलेली भाकर, मिळतोय, तरी मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडणारी ती माणसं म्हणजे मीच. माझे कांदे फक्त नगरचे.

आता इथली एक गंमत, जी मला दोन वर्षं कळली नव्हती. पावसाळा सरला की वाड्यात सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मरियामातेची छोटी मूर्ती. आज एका घरी, उद्या शेजारी. म्हणजे कोणी पाहुणं यावं तशी एक दिवस राहते. संध्याकाळी अख्खा वाडा जमतो, कोकणीत तेर्स म्हणतात (जपमाळेची प्रार्थना), मग गाणी, मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप कागदात बांधून. मोठ्यांना दुसरंही काही मिळतं, ते पप्पांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेऊन तिला पुढच्या घरी पोचवतात. घर रंगवलेलं नसेल तर रंगवतात! एका रात्रीसाठी! आमच्या घरमालकीणबाई, म्हणजे आंटी, यांनी आठवडाभर मला पडदे शिवायला बसवलं.

पप्पा, मी गुडघे टेकले नाहीत. मागे खुर्चीवर बसून आपली प्रार्थना केली. मी आपल्या मंडळीचीच आहे, पाळकसाहेबांना काळजी करू नका म्हणावं.

तर तेर्स झाल्यावर आंटींनी एकेकाला एक आभार मोठ्याने मानायला लावले. ही आंटींच्या घरची खास रीत, सगळीकडे नसते. शेजारचे काका म्हणाले, विहीर आटली नाही. एक मुलगी म्हणाली, गणितात पास झाले. आंटींचा पाय जूनपासून प्लॅस्टरमध्ये. त्या म्हणाल्या, दुसरा पाय बरा आहे. मग माझ्याकडे बघून, "तूंय कितें तरी सांग गो." माझं तोंडच उघडेना. उपकारस्तुतीच्या रविवारी चर्चमध्ये पाठ केलेली साक्ष देणारी मी! शेवटी निघालं ते असं, "माझ्या खोलीचं छत गळतं, पण पलंगावर नाही." सगळे हसले. आंटीही हसल्या, छत त्यांचंच. मग म्हणाल्या, "देव बरें करूं." इथे थँक्यूला हेच म्हणतात. पाववाल्यालाही, बसच्या कंडक्टरलाही.

त्या रात्री झोप लागली नाही. पौलाने "कुरकुर न करता" हे बेड्यांत असताना लिहिलं, हे पप्पांनी शंभरदा सांगितलंय. मी दर वेळी मान डोलावली. आणि बेडी नसताना दोन वर्षं कुरकुरले.

पप्पा ज्याच्या ओव्या म्हणायचे तो स्टीफन्स फादर आठवतो का? इंग्रज असून मराठीत लिहिणारा. त्याचं पुस्तक 1616 मध्ये राशोलला छापलं, इथून जवळच. गोव्यात आल्यावर त्याने नोव्हेंबर 1579 मध्ये लंडनला वडिलांना पत्र लिहिलं. लिस्बनहून एप्रिलमध्ये निघालेलं जहाज ऑक्टोबरात पोचलं होतं, दीडशेहून जास्त माणसं आजारी. तो लिहितो, मेले ते सत्तावीसच. तो "च" वाचून मला आधी राग आला. हिशोब मांडायची तऱ्हा असते एकेकाची. तो पुन्हा घरी गेलाच नाही. मी तशी नाही हं, आई.

सुधारले असं म्हणत नाही. परवाच नारळावरून बोलले. पण आता फोनवर आधी एक चांगलं सांगायचं ठरवलंय, मग हवी तेवढी कुरकुर.

पैसे पाठवलेत, बारा हजार. पत्र्यासाठी आठ, बाकीचे आजीच्या थेंबांसाठी. मागच्या महिन्यात कमी आले, कारण मी स्वतःला मिक्सर घेतला. सांगितलं नव्हतं. नाशिकच्या मुलाचा फोटो पाहिला. वाईट नाही. पण "नोकरी सोडावी लागेल" हे त्यांचं पहिलंच वाक्य होतं, तर त्यांना थोडं थांबायला सांगा. आत्याला मी नाही म्हटलं असं सांगू नका. थांबा म्हटलंय.

नाताळात सुट्टी मिळत नाहीये. मागितली होती, दोनदा. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही आले नव्हते, मला आठवतं. ईस्टरला नक्की.

पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवा, सुट्टीचं तेवढं सोडून.

तुमची,
बेबी